डावा मुद्गल

घोडपदेवच्या व्यायामशाळेत दोन मुद्गल होते.
जोडी म्हणायची पद्धत, पण जोडी नव्हती ती.
उजवा शिसवी, तळव्यांच्या घामातेलानं काळाभोर.
डावा बाभळीचा, जुना फुटल्यावर कुणीतरी करून आणलेला,
पाऊण किलो जास्तच भरेल,
आणि मुठीशी एक गाठ, तासायची राहून गेलेली.

सकाळी आखाडा पुरुषांचा.
संध्याकाळी मातीवर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री,
वर ग्लॅडविन सरांच्या निळ्या मॅट.
मी पाठीवर आपटले की फटींतून वर यायचा
हळदीचा, ताकाचा, सकाळच्या अंगांचा वास.
ज्युदो मी असा शिकले,
कुस्तीच्या छपरावर पडत पडत.

मागच्या बाकावर कोयंडे मास्तर
पेपर वाचतोय असं दाखवायचे.
गोदीत अठ्ठावीस वर्षं आकडा चालवलेला माणूस,
पान मात्र उलटायचे नाहीत.
एकदा पेपराआडूनच म्हणाले,
"पोरीक पाठ आहे. पाठीक खबर नाही."

मग पाण्याच्या टाकीमागे,
जिथे दोन माणसं उभी राहिली तर एकानं श्वास धरावा,
तिथे त्यांनी माझ्या हातात डावा दिला.
उजवा नाही. डावाच.
"उचलू नको गो. उचलायला हमाल असतात, मी होतो.
खांद्यावरून मागे सोड.
तो परत यायला निघाला की
त्याच्या वाटेतून बाजूला हो."

पहिल्या दिवशी डोक्यामागे लागला.
घरी सांगितलं, कपाटाचं दार.

मोजणीला ते 'एक' म्हणत नसत.
लाभ, दोन, तीन, चार...
पोती मोजावीत तशी माझी दमछाक मोजायचे,
आणि पंचवीस झाले की पुन्हा लाभ.
मग बैठका. मग जोर.
कोपर कधी कुठे वळायचं ते सांगायचे नाहीत,
नुसते नाक ओढायचे, की समजायचं चुकलं.

ग्लॅडविन सर भडकले.
"तीन आठवड्यांवर स्पर्धा, आणि तू लाकडं फिरवतेस?"
माझा डावा हात त्यांच्या कॉलरवर होता.
त्यांनी झटकला. राहिला.
पुन्हा झटकला, कंबर लावून.
जाकिटाची शिवण उसवली, हात राहिला.
त्या रात्री क्लास सुटल्यावर
टाकीमागून सरांचा आवाज आला, "लाभ..."
तिसऱ्या फेरीला मुद्गल खाली टेकल्याचा.

माहीमच्या हॉलमध्ये नाशिकची मुलगी माझा उजवा राखून होती.
तिला कुणी सांगितलं नव्हतं
की माझ्या डावीकडे बाभूळ आहे.
तिनं ओढलं. मी सोडलं.
इतकी सोडली की ती मागे गेली,
आणि परत यायला लागली तेव्हा
मी तिच्या वाटेत नव्हते,
फक्त माझा पाय होता.
इप्पॉन.

पुढची मॅच चाळीस सेकंदांत हरले.
तेही लिहून ठेवते.

औंदा मास्तरांचा खांदा उघडून शिवला नायरमध्ये.
दाराच्या कडीला गुलाबी रबराची पट्टी,
तिचं टोक हातात घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसतात.
कोण आलंय बघत नाहीत.
मी मोजते. लाभ, दोन, तीन.
नवाला थांबतात.
पट्टी चिमटीत धरून निरखतात,
"ह्याला गाठ खंय?
धरायचं काय माणसानं?"
मी नाक ओढते.
ते दहावा काढतात, शिव्या घालत.

परवा डावा फिरवताना वाटलं, गाठ लागतच नाही.
झिजली असेल.
की माझ्या तळव्यात आली, बोटांखाली,
हे जे टणक, पिवळट, चहाचा कप धरताना वाजतं?
सरांना विचारलं.
सर म्हणाले, मॅट उचलायला लाग,
साडेआठ वाजले.